गुरुवारची खोटी दुखणी

ओतिलिया बारिएन्तोसचा स्वभाव सांगायचा तर अंड्यांपासून सुरुवात करावी लागते. दुकानात अंड्यांचं खोकं घेतलं की ती ते तिथंच उघडायची, एकेक अंडं कानाशी नेऊन हलवायची, आणि दुकानदार बघतोय असं दिसलं की तेच अंडं पुन्हा एकदा हलवायची. खाटकाकडून आणलेलं मांस घरी येऊन स्वतःच्या काट्यावर तोलायची. भर चर्चमध्ये फादरना विचारायची, "फादर, हे दारातलं पवित्र पाणी शेवटचं कधी बदललं होतं?" फादर नवे होते तोवर हसायचे. पुढे पुढे ती येण्याआधीच ते पाणी बदलून ठेवायला लागले.

वस्ती तिला हसायची, पण तिच्या संशयावर विसंबूनही असायची. टेक्सासच्या अगदी टोकाला, सरहद्दीच्या नदीच्या अलीकडे, कांद्याच्या शेतांमध्ये आणि संत्र्यांच्या बागांमध्ये ही वस्ती. निम्म्या लोकांकडे इथं राहायचे कागद होते, निम्म्यांकडे नव्हते, आणि कित्येक घरांत दोन्ही प्रकारची माणसं एकाच टेबलाशी बसून जेवत होती. अशा ठिकाणी संशयी बाई म्हणजे दारात बांधलेलं चांगलं कुत्रं. भुंकून डोकं उठवतं, पण त्याच्या जिवावर झोप लागते.

एकोणिसाव्या वर्षी ती नदी ओलांडून आली तेव्हा अशी नव्हती म्हणे. त्या पहिल्याच हिवाळ्यात एक गोड बोलणारी बाई वस्तीत ब्लँकेटं वाटायला आली. ब्लँकेटं चांगली होती. बाईनं दारोदार विचारलं, घरात माणसं किती, म्हणजे तेवढी देते. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हिरव्या वर्दीतली मिग्रा आली, आणि सरहद्दीच्या त्या शिपायांना कोणत्या घरात किती माणसं ते बरोबर ठाऊक होतं. ओतिलिया त्या दिवशी कांदे उपटायला अंधारातच निघाली होती, म्हणून वाचली. पुढे बिनकागदाच्या लोकांना माफी देणारा कायदा झाला, तिला कागद मिळाले, ती इथली नागरिक झाली. पण कुणी गोड बोलायला लागलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची, ती कायमची.

शेतातून ती शाळेच्या स्वयंपाकघरात गेली, तिथून इस्पितळात लाद्या पुसायला. तिथल्या नर्सा तिला हाका मारायच्या, "ओतिलिया, ही काय म्हणतेय बघ जरा." ती फडकं बादलीत टाकून जायची, त्या बाईची स्पॅनिश इंग्रजीत सांगायची, नर्सचं इंग्रजी स्पॅनिशमध्ये, आणि परत येऊन पुसायला लागायची. त्या इस्पितळातली मिसेस प्रुइट नावाची नर्स निवृत्त झाली आणि कॉलेजात नर्सिंगच्या पोरांना शिकवायला लागली. तिनं एक दिवस ओतिलियाला गाठलं.

"माझ्या पोरांना स्पॅनिश शिकवशील?"

"का?" ओतिलियानं विचारलं.

"का म्हणजे? उद्या ती तुमच्याच बायकांना तपासणार आहेत."

"ते कळलं. मलाच का?"

"कारण मी विचारल्यावर 'का' म्हणणारी तू एकटीच आहेस," मिसेस प्रुइट म्हणाली. ओतिलियानं आठवडाभर त्यात काही काळंबेरं सापडतंय का ते पाहिलं. सापडलं नाही, तेव्हा नाइलाजानं ती हो म्हणाली.

दर गुरुवारी दुपारी चर्चच्या सभागृहात वर्ग भरायचा. कॉलेजनं एक पुस्तक दिलं होतं. ओतिलियानं ते वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दारात लावलं. "आधी तिच्या आईची चौकशी," ती पोरांना सांगायची. "मग मुलंबाळं. मग येताना त्रास झाला का. मग दुखणं. घाई केलीत तर ती बाई तुम्हाला हवापाणी सांगेल आणि घरी जाऊन मरेल." एका घाईच्या पोरानं तरीही चायोला थेट विचारलं, "कुठं दुखतं?" चायो म्हणाली, "सासूत." ही चायो म्हणजे ओतिलियाची जिवाभावाची. ओतिलियाच्या थोरल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिलेली, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची आणि सख्ख्या बहिणीपेक्षा तोंडाळ.

पण वर्गाची खरी मेख वेगळीच होती. सरावासाठी पोरांना आजारी माणसं हवीत, म्हणून ओतिलिया वस्तीतल्या बायका आणायची. त्या खोटं आजारपण घेऊन खुर्चीत बसायच्या, पोरं मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारपूस करायची, रक्तदाब बघायची. खोटं आजारपण असं म्हणायचं फक्त. जिच्या छातीत धडधडत होतं ती धडधडीचं सोंग आणायची, जिला लघवीला जळजळत होतं ती जळजळीचं. हे खरं की खोटं, असं कुणी कुणाला विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. मिसेस प्रुइट मागे खुर्ची टाकून बसलेली असायची. ती मध्येच म्हणायची, "अशी रुग्ण खरंच आली, तर तिला सांगा, ह्या आठवड्यात दवाखाना गाठायचा, आणि पलीकडच्या गावातला फुकट दवाखाना कागद मागत नाही." ओतिलिया ते मोठ्यानं स्पॅनिशमध्ये सांगायची. पोरं ऐकून घ्यायची. खुर्चीतली बाई जास्त नीट ऐकायची. ज्या बायका वर्षानुवर्षं डॉक्टरचं दार बघत नव्हत्या, त्यांचा हा दवाखाना होता, आणि त्याच्या दारावर ओतिलिया उभी होती. आत येणारं प्रत्येक नवं तोंड ती अंड्यासारखं हलवून बघायची.

त्या हिवाळ्यात धाडी वाढल्या होत्या, आणि नेमकी तेव्हाच नव्या तुकडीत नोएमी कावासोस आली. विशी ओलांडलेली, सावळी, केस घट्ट बांधलेले. पहिल्याच दिवशी तिनं इंग्रजीत सांगून टाकलं की तिला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही.

"कुणाची गं तू?" ओतिलियानं स्पॅनिशमध्ये विचारलं. वस्तीत कुठल्याही नव्या पोरीला हाच पहिला प्रश्न असतो.

"मला कळलं नाही, बाई," नोएमी इंग्रजीत म्हणाली.

ओतिलियानं इंग्रजीत विचारलं. "शहरातली," नोएमी म्हणाली. "आमच्या घरी इंग्रजीच बोलतात."

"आजीसुद्धा?"

"आजीसुद्धा."

कावासोससारख्या स्पॅनिश आडनावाची, इंग्रजी बोलणारी आजी ओतिलियानं जन्मात पाहिली नव्हती. पण नव्या पिढीत असली पोरं निघतात हेही खरं, म्हणून ती त्या दिवशी गप्प बसली. फक्त मनात एक गाठ मारून ठेवली.

दुसऱ्या गुरुवारी चायो तिच्या नवऱ्याचा आणि बोकडाचा किस्सा सांगत होती. ती कधी पटकन सांगत नाही, घोळवत घोळवत शेवटाकडे आणते. शेवट यायच्या आत कुणीतरी हसलं. ओतिलियानं मान वळवली तर नोएमी खोकल्याचं निमित्त करत होती. पुढच्या गुरुवारी घडीची खुर्ची मिटवताना तिचं बोट सापडलं आणि ती ओरडली, "आय!" इथली इंग्रजी घरातली पोरं बोट चेमटलं तर "आऊच" म्हणतात, "आय" म्हणतात ती स्पॅनिश घरातली. बोलताना माणूस काहीही बोलेल, पण बोट चेमटल्यावर त्याला भाषा निवडायला सवड नसते, असं ओतिलियाचं म्हणणं.

मग तिनं खडा टाकून पाहायचं ठरवलं. मागच्या स्वयंपाकघरात नोएमी कॉफी ओतत होती. ओतिलिया तिच्याकडे पाठ करून चायोशी भराभर बोलली, तोंडातल्या तोंडात, इकडची मंडळी बोलतात तशी: "बघ गं, ह्या पोरीच्या पोटरीवरून लाल मुंग्या चढतायत, आता चावतील." नोएमीनं मान वर केली नाही. कॉफी सांडली नाही. पण तिचा मोकळा हात आपोआप पोटरीवर गेला, आणि तिथंच थांबला. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नोएमीनं हात हळूच मागे घेतला आणि साखर शोधायला लागली.

"इथं पाणी मुरतंय," चायो नंतर म्हणाली.

"पाणी नाही, अख्खी नदी मुरतेय," ओतिलिया म्हणाली.

चायोनं त्या संध्याकाळी पोरीचा माग काढला. नोएमी वस्तीच्या बाहेर, पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला चालत गेली. तिथं एक रुपेरी पिकअप उभी होती. आत बसलेल्या माणसाच्या गालावर तिनं ओठ टेकले, आणि त्या माणसाच्या अंगावर हिरवी वर्दी होती. चायो धावत आली ती दारातच धापा टाकत बसली. "मिग्रा, ओतिलिया. खुद्द मिग्रा. बाप असेल, काका असेल, सैतान असेल, पण हिरवाच होता."

तीन गुरुवार ती पोरगी तिथं बसून होती. कुणाला काय होतंय, कुणाचा नवरा कुठल्या शेडमध्ये राबतोय, कोण कुठल्या गल्लीत राहतंय, सगळं तिनं ऐकलं होतं. आणि चेहरा असा की काहीच कळत नाही.

"हाकलून दे तिला," चायो म्हणाली.

"हाकललं की तिला कळेल, आपल्याला कळलंय ते. मग ती वर जाऊन काय सांगेल?"

"मग प्रुइटबाईला सांग."

"गोऱ्या माणसांना काही सांगितलं की ते मीटिंग बोलावतात."

"मग करायचं काय?"

ओतिलियानं तिला आत ओढलं आणि दार लावलं. मग म्हणाली, "आता खोटी दुखणी खरोखरची खोटी करायची."

आठवडाभर ती घरोघर फिरली. प्रत्येक बाईला तिनं एक दुखणं पाठ करून दिलं. कुणाला सर्दी, कुणाला लचकलेला पाय, कुणाला कानात पाणी. "स्वतःचं एक अक्षर तिथं बोलायचं नाही. नाव खोटं, गाव खोटं, दुखणं खोटं. काहीही विचारलं तरी पाठ केलेलंच सांगायचं. तुम्हाला तुमच्या पोरांची आण आहे." बायकांनी माना डोलावल्या. ओतिलिया सांगतेय म्हटल्यावर ते झालंच. बेलेनला तिनं दातदुखी दिली. बेलेन आठव्या महिन्यात होती, पहिलटकरीण, कांद्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या तरुणाची बायको. त्या दिवशी ती दारातच उभी होती, डोळे बारीक करून. ऊन लागतंय असं ओतिलियाला वाटलं.

पुढचा गुरुवार उजाडला तोच वाईट. सकाळपासून मिग्राची एक गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी होती आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होती. तरी बायका आल्या, कारण सभागृह वस्तीच्या आतच होतं, आणि न येणं म्हणजे घाबरल्याची कबुली. ओतिलियानं सगळ्यात निरुपद्रवी रुग्ण म्हणून बेलेनला नोएमीसमोर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांत तेल घालून ती नोएमीकडे बघत होती. तिचे ओठ, तिचे हात, तिची पर्स. बेलेनकडे मात्र कुणीच बघत नव्हतं.

"तुमची आई कशी आहे?" नोएमीनं वर्गातल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सुरुवात केली.

"बरी आहे."

"कुठं दुखतं?"

"दात," बेलेन म्हणाली. तिनं एका हातानं डोळ्यांवर सावली धरली होती. पायात नवऱ्याच्या सपाता होत्या, आणि त्याही घट्ट होत होत्या. "मागचा दात. थंड प्यायलं की ठणकतो."

नोएमी पुढचा प्रश्न विचारायला वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं पेन खाली ठेवलं. खुर्चीवरून उतरून ती जमिनीवर बसली, बेलेनची सपात काढली आणि अंगठ्यानं तिची नडगी दाबली. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा. नोएमीनं वर पाहिलं आणि तिच्या तोंडून जी स्पॅनिश बाहेर पडली ती अस्सल ह्याच मातीतली होती.

"वहिनी, दाताचं राहू द्या. डोळ्यांपुढं काजवे कधीपासून चमकतायत?"

बेलेननं ओतिलियाकडे पाहिलं. पोरांची आण घातलेली होती, आणि पोर अजून पोटात होतं.

"दात दुखतोय," ती पुन्हा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मागचा दात."

"डोकं दुखतंय का? इथं, बरगडीच्या खाली दुखतंय का?"

"दात..."

"सांग गं!" ओतिलिया ओरडली. तिचा स्वतःचा आवाज तिलाच परका वाटला. "सांग तिला सगळं. माझी आण मी परत घेतली."

मग बेलेननं सांगितलं. चार दिवस डोकं फुटत होतं. काल रात्रीपासून डोळ्यांपुढं ठिणग्या दिसत होत्या. ती आज तेच सांगायला येणार होती, पण तिला दात मिळाला होता. मिसेस प्रुइटनं दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि पुन्हा बांधून पुन्हा बघितला. "आत्ता. या क्षणी इस्पितळ. नाहीतर आई आणि बाळ दोघंही जातील. मी अॅम्ब्युलन्स बोलावते."

"अॅम्ब्युलन्स नको!" बेलेन उठायलाच लागली. मागच्या महिन्यात ह्याच वस्तीत अॅम्ब्युलन्सच्या मागोमाग हिरवी गाडी आली होती आणि आजाऱ्याच्या दोन भावांना घेऊन गेली होती. "मी घरी जाते. पडून राहते. बरं वाटेल."

"माझ्या गाडीतून नेते," मिसेस प्रुइट म्हणाली.

"तोंडाशी अडवतील," चायो म्हणाली. "तुम्हाला जाऊ देतील. हिला उतरवतील आणि तासभर चौकशी करतील."

तेव्हा नोएमी उभी राहिली. "माझ्या वडिलांची गाडी अडवणार नाहीत," ती म्हणाली. "ते मला न्यायला पंपावर आलेच असतील." मग ओतिलियाकडे बघून म्हणाली, "हो, मिग्रामध्येच आहेत. तुम्हाला माहीत आहे, ते मलाही माहीत आहे. त्या मुंग्यांच्या दिवसापासून. संध्याकाळी चायोबाई मागून येताना दिसल्या होत्या."

"मग मुक्यानं का बसलीस इतके दिवस?" ओतिलियानं दात आवळून विचारलं.

"तोंड उघडलं की तुम्ही विचारणार, कुणाची गं तू. काय सांगू मग? खरं सांगितलं असतं तर एक तरी बाई माझ्यासमोर बसली असती का? हा वर्ग केल्याशिवाय कॉलेज नर्स होऊ देत नाही. मला नर्स व्हायचंय, बाई, बाकी काही नाही."

ती खरं बोलत असावी असं वाटत होतं. पण खरं बोलल्यासारखं वाटणं हीच तर खोट्या माणसाची कला असते, आणि ब्लँकेटवाल्या बाईनं ओतिलियाला ते उभ्या आयुष्यात एकदाच, पण चांगलं शिकवलं होतं. वाघाच्या तोंडातून वाघाच्याच पाठीवर बसून बाहेर पडायचं? बेलेननं तिचा हात धरला. "तू म्हणशील तसं, ओतिलिया," ती म्हणाली. तिची बोटं सुजून सॉसेजसारखी झाली होती. ओतिलियानं नोएमीला सांगितलं, "बोलाव तुझ्या बापाला."

रुपेरी पिकअप सभागृहाच्या दारापर्यंत आली. वस्तीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले. बेलेनला मागच्या सीटवर आडवी केली, नोएमी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि जागा उरली ती फक्त पुढं, त्या माणसाच्या शेजारी. ओतिलिया तिथं चढून बसली. माणूस पन्नाशीचा होता, मिशा पिकलेल्या, वर्दी कडक इस्त्रीची.

"कोण ह्या?" त्यानं मुलीला विचारलं.

"माझ्या बाई. आणि ही माझी पेशंट."

त्यानं आरशातून मागं पाहिलं, बराच वेळ. मग गाडी सुरू केली. वस्तीच्या तोंडाशी त्याच्या साथीदारानं हात वर केला. कावासोसनं काच अर्धी खाली घेतली, "मुलीच्या कॉलेजातली माणसं, बरं नाही एकीला," असं म्हणाला, आणि गाडी थांबलीसुद्धा नाही. ओतिलियाला आयुष्यात पहिल्यांदा मिग्राच्या शिपायानं टोपीला हात लावून नमस्कार केला.

वाटेत तो काही बोलला नाही. एकदा त्यानं समोरच्या वायरलेस रेडिओचं बटण फिरवलं. बंद केलं की आवाज नुसता कमी केला, ते ओतिलियाला कळेना, आणि ती सगळा रस्ता त्या बटणाकडे बघत राहिली. इस्पितळाच्या दारात बेलेनला ढकलगाडीवर घेतलं तेव्हा तो उतरून जवळ आला. टोपी काढून, हळू आवाजात त्यानं विचारलं, "नवऱ्याला कळवायला हवं ना? कुठं कामाला असतो?"

ओतिलिया मध्ये पडणार, तोवर बेलेन बोलून गेली. "कांद्याच्या शेडमध्ये. कालव्याजवळच्या."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

त्याच रात्री बेलेनचं पोट फाडून मुलगी काढली. मूठभर होती, पण रडली. बेलेनही वाचली. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर बोलायला काही उरलं नसतं. ओतिलिया बाकावर बसून रडली, आनंदानं रडली, आणि शेजारी बसलेल्या नोएमीच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं. पोरीनं तिला थोपटलं. नवऱ्याला कुणीतरी निरोप पोहोचवला होता, तो धावत आला, आणि काचेतून मुलीला बघून गेला.

सोमवारी कालव्याजवळच्या शेडवर धाड पडली. बरीच माणसं धरली. त्यांत बेलेनचा नवरा होता.

त्या आठवड्यात तालुक्यात अजून तीन ठिकाणी धाडी पडल्या, हेही खरं. ती शेड मिग्राला आधीपासून ठाऊक असणार, हेही खरं. ओतिलियानं हे दोन्ही मुद्दे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितले.

गुरुवारी तिनं खुर्च्या मांडल्या. पोरं आली, मिसेस प्रुइट आली, नोएमी आली. वस्तीतली एकही बाई आली नाही. मागच्या स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं थंड होतं, कारण ते चायो लावायची. ओतिलिया पोरांना थांबायला सांगून चायोच्या घरी गेली. आत टीव्ही चालू होता. तिनं दार वाजवल्यावर तो बंद झाला. दार उघडलं ते साखळी न काढता, हातभर.

"काय गं, आज आली नाहीस?"

"जमलं नाही," चायो म्हणाली.

"तब्येत बरी आहे ना? पोरं?"

"सगळं बरं आहे, बाई. देवाची कृपा. आपली चौकशी केल्याबद्दल आभार."

चायोनं तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. ओतिलियानं साखळीकडे पाहिलं. "माझ्याशी असं बोलतेस? माझ्याशी? तू होतीस तिथं. तुझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं. बेलेन वाचली ना?"

"वाचली. मेणबत्ती लावली मी." चायोचा आवाज थोडा ओला झाला. "पण तू त्याच्या शेजारी बसून गेलीस, ओतिलिया. पुढच्या सीटवर. अख्ख्या वस्तीनं बघितलं, तोंडाशी उभ्या शिपायानं तुला सलाम केला. आणि सोमवारी ते झालं. लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग की त्याचा काही संबंध नाही."

"तू सांग. मी त्यांना सांगते, ओतिलिया म्हणाली. एवढंच म्हण, त्या माणसानं वर तोंड उघडलं नाही. शपथेवर म्हण, मी आत्ता साखळी काढते."

ओतिलियानं तोंड उघडलं. टोपी काढून हळू आवाजात विचारलेला तो प्रश्न तिला ऐकू आला, आणि बेलेननं दिलेलं उत्तरही. कदाचित त्याच माणसानं नवऱ्याला निरोप दिला असेल. कदाचित निरोपच दिला असेल आणि बाकी काही नाही. तिनं आयुष्यभर कशाचीच शपथ खात्री केल्याशिवाय घेतली नव्हती, आणि ह्याची खात्री तिला ह्या जन्मात होणार नव्हती. चायोनं थोडा वेळ वाट पाहिली, मग हळूच, आवाज न करता दार लावून घेतलं.

ती परत आली तेव्हा पोरं रिकाम्या खुर्च्यांसमोर बसली होती. नोएमी दारात उभी होती, बांधलेले केस, हातात पेन. आता ती वर्गात स्पॅनिशच बोलायची, लपवायचं काही उरलं नव्हतं.

"बाई, काय झालं? बायका का नाही आल्या?"

ओतिलियाला विचारायचं होतं. तुझ्या बापानं काय केलं, एवढं एकच विचारायचं होतं. पण पोरगी नाही म्हणाली असती तरी तिचा विश्वास बसला नसता, आणि हो म्हणाली असती तर ज्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली होती, तो खांदा तिला आठवला असता. ह्या मुलीनं दोन जीव वाचवले होते. तिच्याबद्दल ओतिलियाला माया वाटत होती, खरीखुरी माया, आणि तरीही ती तिच्यापासून एक पाऊल मागे सरली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "सगळं बरं आहे. देवाची कृपा."

नोएमी स्पॅनिशमध्येच वाढलेली होती, असल्या गोड उत्तराचा अर्थ तिला कळत होता. तिनं मान खाली घातली आणि रिकाम्या खुर्च्या मिटवायला लागली.